जुन्या गाड्यांची एजन्सी : पाटीचे पैसे आणि हप्त्याची अडचण

बोदलकसा (ता. तिरोडा, जि. गोंदिया) येथून आमच्या एका तरुण वाचकाचे पत्र आले आहे. पत्र चार पानांचे असून सोबत एका कराराच्या मसुद्याची झेरॉक्स जोडली आहे. हे बंधू तिरोड्याच्या एका गॅरेजमध्ये सात वर्षे मिस्त्री म्हणून काम करीत आहेत. आता स्वतःचे काही करावे, जुन्या मोटारी घेण्या-विकण्याचे दुकान टाकावे, असे त्यांच्या मनात आहे. मोठ्या शहरातील एका कंपनीने त्यांना आपल्या नावाची एजन्सी, म्हणजे फ्रँचायझी, देऊ केली आहे. त्यासाठी कराराच्या वेळी ३ लाख रुपये (करासह) फी, २ लाख रुपये अनामत, आणि पुढे प्रत्येक विक्रीवर २ टक्के रॉयल्टी. मुदत पाच वर्षांची. वडील म्हणतात, धानाची दीड एकर बांधी विकून पैसे उभे करू. आई नको म्हणते. मुलगा आम्हाला विचारतो की काय करावे.

पत्र एका घरचे असले तरी प्रश्न अनेक घरांचा आहे. गॅरेज, टायर, बॅटरी, डेंटिंग-पेंटिंग, सीट कव्हर या धंद्यांत आपल्या समाजातील कारागीर मोठ्या संख्येने आहेत. गाडीच्या आवाजावरून इंजिनचा रोग ओळखणारा माणूस आयुष्यभर दुसऱ्याची गाडी दुरुस्त करतो आणि तीच गाडी विकून नफा तिसरा कमावतो, हे दृश्य आपण रोज पाहतो. तेव्हा मिस्त्रीने व्यापारी व्हावे हा विचार उत्तमच आहे. फक्त व्यापारात उतरताना हिशेब कागदावर मांडून घ्यावा, म्हणून हा लेख.

बोदलकसा हे नाव बाहेरच्या लोकांना तलावामुळे ठाऊक आहे. इंग्रजी अमदानीत बांधलेला हा तलाव, भोवती टेकड्या आणि जंगल, पर्यटन महामंडळाचे विश्रामस्थान, आणि थोड्या अंतरावर चोरखमारा व नागझिरा. २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाल्यापासून नागपूरकडच्या गाड्यांची वर्दळ या बाजूला वाढली. तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र उभे राहिले, त्यामुळे पगारदार माणूस आला. गोंदियाला भातगिरण्या आणि व्यापारी आहेत. पलीकडे मध्य प्रदेशातील बालाघाट आणि छत्तीसगडातील राजनांदगाव हे जिल्हे लागून आहेत. म्हणजे जुन्या गाडीला गिऱ्हाईक नाही असे नाही. मात्र हे गिऱ्हाईक कसे आहे, ते पैसे कसे देणार आणि त्याला कर्ज कोण देणार, यावर धंद्याचे सारे गणित अवलंबून आहे.

प्रथम पाटीविषयी बोलू. जुन्या गाड्यांच्या धंद्यात मोठ्या कंपन्या उतरल्याला आता बरीच वर्षे झाली. मारुतीने २००१ साली ‘ट्रू व्हॅल्यू’ सुरू केले; ही दुकाने मारुतीचे नव्या गाड्यांचे डीलरच चालवतात, बाहेरच्या माणसाला ती सहसा मिळत नाहीत. पुढे महिंद्राने ‘फर्स्ट चॉइस’ या नावाने सर्व कंपन्यांच्या जुन्या गाड्यांची दुकाने एजन्सी पद्धतीने देण्यास सुरुवात केली. ह्युंदाई आणि टोयोटा यांनीही आपापली नावे काढली. २०१५ नंतर मोबाइलवरून गाडी घेणाऱ्या-विकणाऱ्या कंपन्या आल्या. या सर्वांनी एक गोष्ट सिद्ध केली. जुनी गाडी घेताना माणूस घाबरतो, आणि तपासणीचा कागद व वॉरंटी मिळाली तर तो चार पैसे जास्त देतो. फ्रँचायझीची फी आपण भरतो ती याच विश्वासाची किंमत होय. प्रश्न इतकाच की, तो विश्वास तिरोड्याच्या बाजारात किती रुपयांना विकला जातो?

आकड्यांत पाहू. हे आकडे आम्ही समजण्यासाठी घेतले आहेत. वाचकांनी आपल्या गावचे आकडे घालावेत. समजा, एक छोटी गाडी २,४०,००० रुपयांना घेतली. टायर, बॅटरी, रंगकाम यांवर १८,००० खर्च झाले. विकली २,८५,००० ला. वरवर पाहता २७,००० सुटले. आता यातून जीएसटी वजा करा. जुन्या गाडीवरील कर पूर्ण किमतीवर लागत नसून खरेदी आणि विक्री यांच्यातील फरकावर लागतो. २०१८ पासून छोट्या गाड्यांना तो १२ टक्के होता. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला झालेल्या परिषदेच्या बैठकीतील निर्णयानंतर जानेवारी २०२५ पासून सर्वच जुन्या गाड्यांना १८ टक्के झाला. येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. घरच्या माणसाने आपली गाडी विकली तर त्याला हा कर नाही, तो व्यापाऱ्याला आहे. आणि फरक मोजताना दुरुस्तीचा खर्च वजा होत नाही. म्हणजे आपल्या उदाहरणात कर २७,००० वर नाही, तो ४५,००० च्या फरकावर आहे. विक्रीच्या किमतीतच कर धरला असेल तर तो ६,८६४ रुपये होतो. हातात राहिले २०,१३६.

आता पाटीचा खर्च. २ टक्के रॉयल्टी विक्रीच्या पूर्ण किमतीवर आहे, नफ्यावर नाही. हे पत्रलेखकाच्या लक्षात आलेले दिसत नाही, कारण त्यांनी पत्रात ‘दोन टक्के तर काहीच नाही’ असे लिहिले आहे. २,८५,००० चे २ टक्के म्हणजे ५,७००. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ६,७२६. (हा कर पुढे वजा करून मिळेल काय, हे आपल्या कर सल्लागाराकडून पाहून घ्यावे; आम्ही खर्चात धरला आहे.) गाडीमागे राहिले १३,४१०. म्हणजे ‘काहीच नाही’ म्हटलेल्या दोन टक्क्यांनी नफ्याचा तिसरा हिस्सा नेला.

जागेचे भाडे, एक पोऱ्या, वीज, मोबाइल असा महिन्याचा ३०,००० खर्च धरू. तीन लाखांची फी पाच वर्षांत, म्हणजे ६० महिन्यांत वाटली तर महिन्याला ५,०००. एकूण ३५,०००. महिन्याला दोन गाड्या विकल्या तर २६,८२० मिळतील आणि ८,१८० चा तोटा होईल. तीन विकल्या तर ५,२३० सुटतील, म्हणजे गॅरेजमधील पगारही निघणार नाही. आता हेच दुकान पाटीशिवाय चालवले तर? गाडीमागे २०,१३६, खर्च फक्त ३०,०००. तीन गाड्यांत ३०,४०८ रुपये सुटतात. पाटी लावून एवढेच पैसे मिळवायचे तर महिन्याला पाच गाड्या विकाव्या लागतील. म्हणजे कंपनीचे नाव तिरोड्यात तुमची विक्री तीनवरून पाचवर नेऊ शकते काय, एवढाच खरा प्रश्न आहे. नागपूरला, जेथे गिऱ्हाईक दुकानदाराला ओळखत नाही, तेथे कदाचित नेईल. तिरोड्यात, जेथे सात वर्षे लोक आपल्या गाड्या तुमच्याच हाती देत आहेत, तेथे लोक तुमच्या नावावर येणार की कंपनीच्या नावावर, हे तुम्हीच ठरवा. आमचे मत विचाराल तर तुमच्या नावावर.

फीशिवाय करारात लपलेले खर्चही असतात. रंग, पाटी आणि फर्निचर कंपनीच्या नमुन्याप्रमाणे आणि बहुधा कंपनीने सांगितलेल्याच कारागिराकडून करावे लागते. प्रत्येक गाडीच्या तपासणीची वेगळी फी असते. संगणक प्रणालीचे मासिक भाडे असते. वॉरंटीत गाडी परत आली तर दुरुस्ती कोणाच्या खिशातून, याचे उत्तर बारीक अक्षरात असते. अनामत व्याजाशिवाय परत मिळते खरी, पण किती दिवसांत आणि काय काय कापून, हे पाहिले पाहिजे.

कायद्याचे संरक्षण किती, हेही सांगितले पाहिजे. आपल्या देशात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. १८७२ च्या करार कायद्यावर आणि २००२ च्या स्पर्धा कायद्यावर काम चालते. करार चालू असताना ‘दुसऱ्या कंपनीचा धंदा करू नये’ ही अट सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली गुजरात बॉटलिंग आणि कोका कोला यांच्या खटल्यात वैध ठरवली. तेव्हा पाच वर्षे हात बांधले गेले तर तक्रार चालणार नाही. मात्र या मसुद्यात करार संपल्यानंतरही दोन वर्षे जिल्ह्यात हा धंदा करू नये असे म्हटले आहे. करार संपल्यावरची अशी बंदी करार कायद्याच्या २७ व्या कलमापुढे टिकणे कठीण. पण टिकणार नाही हे सिद्ध करायला तुम्हाला वकील लावावा लागेल, आणि मसुद्यात वादाचे ठिकाण गोंदिया नसून कंपनीचे शहर आहे. तिरोड्याहून तारखेला जाणे-येणे, मुक्काम, वकिलाची फी हे सारे त्या एका ओळीत लिहिलेले आहे.

कंपनी मोठी असली म्हणजे ती कायम राहील असेही समजू नये. जनरल मोटर्सने २०१७ साली भारतातील विक्री बंद केली. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये येथील उत्पादन थांबवल्याचे जाहीर केले. ज्या डीलरांनी आलिशान शोरूम बांधले होते ते पाहत राहिले. ते तर नव्या गाड्यांचे, कोट्यवधींचे डीलर. संघटना होती, वकील होते. दीड एकर बांधीवाल्याचे काय?

आता दुसरी बाजू, पैशाची. येथेच बहुतेक दुकाने अडतात.

जुन्या गाडीला कर्ज देताना बँक अनेक अटी घालते. गाडीचे वय आणि कर्जाची मुदत मिळून ठरावीक वर्षांपेक्षा जास्त होता कामा नये. आधीचे मालक किती, हे पाहिले जाते. परराज्यातील पासिंग असेल तर आधी महाराष्ट्रात नोंद करा म्हणतात. गाडीची किंमत बँकेचा मूल्यमापक ठरवतो, तुम्ही नाही. तुमची २,८५,००० ची गाडी त्याने २,४०,००० ची लावली आणि बँकेने त्यावर काही टक्के दिले, तर गिऱ्हाइकाला मोठी रक्कम रोख भरावी लागते. आणि रोखीलाही मर्यादा आहे. २०१७ पासून एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून अधिक रोख घेण्यास प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे, आणि दंड घेणाऱ्याला, म्हणजे दुकानदाराला होतो. शेतकरी गिऱ्हाइकाजवळ पगाराची स्लिप नसते, बँकेचे हप्ते दर महिन्याला असतात आणि धानाचे चुकारे मात्र हंगामानंतर, कधी कधी पुष्कळ उशिरा येतात. म्हणून हा माणूस बँक सोडून खासगी फायनान्सवाल्याकडे जातो. तेथे कागद कमी आणि व्याज जास्त.

नागझिऱ्याच्या वाटेवर पर्यटकांसाठी भाड्याची गाडी चालवू, असे म्हणणारे तरुण या भागात पुष्कळ भेटतात. त्यांना पांढऱ्या पाटीची जुनी गाडी विकताना सावध राहावे. खासगी नोंदणीच्या गाडीतून भाडे मारणे बेकायदा आहे. परवाना आणि पिवळी पाटी लागते. आणि पिवळ्या पाटीची गाडी म्हटली की कर्जाचे नियम बदलतात. ‘पुढे बघू’ म्हणून विकलेली गाडी पहिल्या चलनानंतर तुमच्या दारात परत येते.

फ्रँचायझीच्या मसुद्यात आणखी एक अट आहे. कर्ज कंपनीने ठरवलेल्या दोन फायनान्स संस्थांकडूनच करून द्यावे, आणि पहिले तीन हप्ते चुकले तर फायनान्स संस्थेने दिलेले कमिशन परत करावे. म्हणजे गिऱ्हाईक निवडायचे त्यांनी, व्याज घ्यायचे त्यांनी आणि हप्ता बुडाला तर पैसे परत करायचे तुम्ही. वाचक बंधूंनी ही ओळ कोणत्याही करारात शोधून काढावी. शिवाय व्याजाचे कर्ज मिळवून देण्याचे कमिशन घ्यावे काय, हा प्रश्न आमच्या वाचकांपैकी अनेकांना पडतो. त्याचा निर्णय व्यापार पानावर होणार नाही, आपल्या विश्वासातील आलिमांना विचारावे. पण ज्या दुकानाचा निम्मा नफा अशा कमिशनवर उभा आहे त्याचा करार करण्याआधी विचारावे, नंतर नव्हे.

व्याजाशिवाय गाडी विकता येते काय? येते, आणि बँकेपेक्षा दुकानदाराला ते सोपे आहे. गाडी आपल्या मालकीची करून घ्यावी, मग ठरलेल्या नफ्यासह एकच किंमत सांगून हप्त्याने विकावी. रोखीची किंमत वेगळी आणि उधारीची वेगळी असली तरी चालते, मात्र सौद्याच्या वेळी एकच किंमत पक्की झाली पाहिजे आणि उशीर झाला म्हणून ती वाढवता येणार नाही. जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९० साली असाच ठराव केला आहे. बँकेला हे करायचे तर आधी गाडी स्वतःच्या नावावर घ्यावी लागते आणि दोनदा नावे बदलण्याची कटकट होते. दुकानदार तर मुळातच आधी विकत घेतो आणि मग विकतो.

पण यातही हिशेब आहे. वरचीच गाडी हप्त्याने ३,२४,००० ला दिली असे धरा. १ लाख आधी आणि ८,००० चे २८ हप्ते. खरेदी व दुरुस्ती मिळून तुमचे २,५८,००० गुंतले, आले १ लाख. त्यात जीएसटी पूर्ण फरकावर, म्हणजे ८४,००० वर, सुमारे १२,८०० रुपये बिल केल्याबरोबर देय होतो. हप्ते यायला सव्वादोन वर्षे लागली तरी सरकार थांबत नाही. एका गाडीत १,७०,००० च्या वर रक्कम अडकून पडते. अशा तीन गाड्या दिल्या की पाच लाख संपले आणि चौथी घ्यायला पैसे नाहीत. म्हणून हप्त्याची विक्री मोजक्याच आणि ओळखीच्या माणसांना करावी. शेतकऱ्याला महिन्याच्या हप्त्याऐवजी धानाच्या चुकाऱ्यावर वर्षाचे दोन हप्ते बांधून द्यावेत. बँक जे करू शकत नाही ते तुम्ही करू शकता. कागदावर मात्र कोठेही ‘व्याज’ किंवा ‘टक्का’ लिहू नये. एक तर ते आपल्या तत्त्वात बसत नाही, आणि दुसरे म्हणजे २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय व्याजाने पैसे देण्याचा धंदा हा कैदेचा गुन्हा आहे. हप्ता थकला तर रात्री जाऊन गाडी ओढून आणणे हा मार्ग नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली एका मोठ्या बँकेच्या प्रकरणात गुंडांकरवी वसुली करण्यावर कडक ताशेरे ओढले आहेत. आर.सी. वर आपला बोजा चढवता येतो काय, हे गोंदियाच्या परिवहन कार्यालयात आधीच विचारून घ्यावे, आणि करारावर दोन जामीन घ्यावेत.

भांडवल कोठून आणावे? बँकांत व्याजमुक्त खिडकी उघडावी अशी शिफारस रिझर्व्ह बँकेच्याच एका समितीने २०१५ साली केली होती. २०१७ मध्ये बँकेने तो विचार सोडून दिला. सोलापूरच्या लोकमंगल सहकारी बँकेने २०१६ साली बिनव्याजी योजनेचा प्रयोग केला, पण गोंदियापर्यंत असे काही आलेले नाही. मुद्रा योजना (२०१५ पासून) आणि मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ हे सरकारी मार्ग आहेत, पण सवलतीचे असले तरी ते कर्जच, ज्याने त्याने आपले मत ठरवावे. उरते ती भागीदारी. पत्रलेखकाचे मेहुणे आणि दोन मित्र पैसे घालायला तयार आहेत, ‘महिन्याला लाखामागे दोन हजार नफा द्यावा’ एवढीच त्यांची अट आहे. हे मुळीच करू नये. ठरावीक परतावा हे नफ्याचे नाव घेतलेले व्याज आहे हा एक भाग. आणि २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्याने मित्रमंडळींकडून अशा ठेवी गोळा करणे हा गंभीर गुन्हा होऊ शकतो, हा दुसरा. बंगळुरूच्या आय. मोनेटरी ॲडव्हायजरी या कंपनीने ‘हलाल नफा’ म्हणून हजारो मुस्लिम कुटुंबांचे पैसे घेतले आणि जून २०१९ मध्ये ती कोसळली. विधवांचे आणि निवृत्तांचे पैसे गेले. ही जखम अजून ओली आहे. भागीदार घ्यायचे तर रीतसर घ्यावेत, नफा-तोटा दोन्ही वाटून. साध्या भागीदारीत झोपलेल्या भागीदाराचीही सारी मिळकत देण्याला जबाबदार धरली जाते. म्हणून मेहुण्यांना सांभाळायचे असेल तर २००८ च्या कायद्याखालील मर्यादित दायित्व भागीदारी नोंदवावी. खर्च थोडा अधिक आहे, पण झोप लागते.

कागदपत्रांत सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला परिवहन खात्याचे अधिकारपत्र घ्यावे लागते. नमुना २९-अ मध्ये अर्ज, २९-ब मध्ये अधिकारपत्र, मुदत पाच वर्षे. मालकाने गाडी तुमच्या ताब्यात दिली की दोघांनी मिळून २९-क भरायचा. त्या क्षणापासून कायद्याच्या दृष्टीने मालक तुम्ही. पूर्वी काय चालत असे ते सर्वांना ठाऊक आहे. मालकाकडून कोऱ्या फॉर्म २९-३० वर सह्या घ्यायच्या, गाडी चार हात फिरायची, आणि अपघात झाला की नोटीस पहिल्या मालकाला. २०१८ च्या नवीन कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, गाडी विकली असली तरी नोंदणी ज्याच्या नावावर आहे त्यालाच भरपाई द्यावी लागेल. हे कळल्यापासून शहाणा मालक कोऱ्या सह्या करीत नाही. तेव्हा २९-ब चे अधिकारपत्र भिंतीवर लावलेला दुकानदार ही स्वतःच एक पाटी आहे, आणि तिला दोन टक्के रॉयल्टी लागत नाही. नाव बदलणे, दुसरी आर.सी., ना-हरकत, फिटनेस यांचे अर्जही असा व्यापारी स्वतः करू शकतो. मात्र दुकानातली गाडी घरच्या लग्नाला न्यायची नाही; चाचणी, दुरुस्ती, तपासणी, रंगकाम एवढ्यासाठीच ती रस्त्यावर काढता येते आणि त्याची नोंद ठेवावी लागते.

गाडी घेताना बोजा पाहावा. फायनान्स फिटले असे मालक सांगतो, पण आर.सी. वरून बोजा उतरलेला नसतो. नमुना ३५ वर फायनान्सवाल्याची सही आणि ना-हरकत हाती येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नयेत. बालाघाट किंवा राजनांदगावची गाडी स्वस्त दिसते, पण तिकडची ना-हरकत, इकडचा रस्ता कर आणि लागणारा वेळ धरला की स्वस्ताई बरीचशी आटते. आणि माल फार साठवू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली की यार्डातली जुनी गाडी रात्रीत उतरते.

मीटर मागे करणे, बुडालेली गाडी धुऊन रंगवून उभी करणे, अपघाताची गाडी ‘सिंगल हँड’ म्हणून देणे, हे प्रकार या धंद्यात इतके रुळले आहेत की कोणाला त्यात वावगे वाटत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला आणि आतले धान्य ओले निघाले, तो प्रसंग आपण लहानपणापासून ऐकतो. धान पिकवणाऱ्या मुलखात तो जास्त समजावून सांगण्याची गरज नाही. मिस्त्रीला गाडीतले ओले कोठे आहे ते बाहेरूनच दिसते. ते एका कागदावर लिहून गिऱ्हाइकाची सही घ्यावी. दोष सांगून विकलेल्या गाडीवर नंतर भांडण होत नाही, आणि ग्राहक आयोगात तोच कागद उपयोगी पडतो.

आता पत्रलेखकास सरळ उत्तर. बांधी विकू नये. गॅरेजची नोकरी लगेच सोडू नये. जवळचे दीड लाख आणि मेहुण्यांचे भागीदारीचे दोन लाख, एवढ्यात एका वेळी एकच गाडी घेऊन सुरुवात करावी. बाकी गाड्या मालकाच्या वतीने, ठरलेल्या दलालीवर विकून द्याव्यात. अधिकारपत्र मात्र पहिल्या दिवसापासून घ्यावे. दुकान बोदलकसाला टाकावे की तिरोड्याला, असे त्यांनी विचारले आहे. तलावावर रविवारी गाड्या पुष्कळ येतात, पण येणारा गाडीतून आलेला असतो, गाडी घ्यायला आलेला नसतो. दुकान तिरोड्याला, बाजार आणि बँकांच्या जवळ असावे.

कंपनीला नकार देण्याआधी एक पत्र जरूर पाठवावे. त्यात चार गोष्टी विचाराव्यात : रॉयल्टी विक्रीऐवजी नफ्यावर घेणार काय, गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या बँकेकडे गेले तर चालेल काय, वादाचे ठिकाण गोंदिया करणार काय, आणि कंपनीनेच एजन्सी बंद केली तर उरलेल्या वर्षांची फी परत देणार काय. उत्तर लेखी मागावे. आले तर आम्हालाही कळवावे, पुढील अंकात त्यावर लिहू.